सप्तपदीचं रीळ

कुसुमअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मनात पहिलं आलं ते असं, की अक्का गेली आणि तो माणूस अजून जिवंत आहे... महिना होऊन गेला, माझा राग उतरलेला नाही.

अक्का माझी चुलतबहीण. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने, वसंताने, तिला जळगावहून धुळ्याला माहेरी आणून सोडलं. "थोडे दिवस राहा," म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. ऐंशीनंतरची गोष्ट. पुढे पिंपळनेरला त्याचं दुसरं लग्न ठरल्याचं कानावर आलं. वकील म्हणाले, "या दुसऱ्या लग्नात सप्तपदी झाली हे दाखवता आलं, तरच त्याच्यावर गुन्हा लागेल. नुसता फोटो दाखवलात तर पूजेचा आहे म्हणेल."

घरी येऊन अक्काने पेटीतून काकांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, जुना सिनेकॅमेरा काढला. चावीवर चालणारा, मुठीत मावेल एवढा. काका गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. पहिलं रीळ तिने अंगणात भर उन्हात उघडलं. मुंबईहून धुऊन आलं ते पांढरंफटक. दुसऱ्यात मी, शेळी, समोरचं किराणा दुकान, सगळं भोवळ आल्यासारखं. "आपण हलायचं नाही, माणसांना हलू द्यायचं," ती म्हणाली, आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं टिपू लागली. अर्ध्यावर रीळ काढून उलटं बसवावं लागे, तेही सावलीत. ते ती पदराखाली, न बघता करायला शिकली. चावी देताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत.

लग्नाला मी सोबत होते. अक्काच्या डोक्यावर पदर, डोळ्याला कॅमेरा. तिचं तोंड कुणाला दिसलंच नाही. तिच्या सासरची माणसंसुद्धा कॅमेरा वळला की घाम पुसून ताठ उभी राहत. नवरीचे आबा तर ओरडले, "सरका रे बठ्ठा, फोटोवाली बाईले जागा द्या!" वसंता होमाभोवती चालला, थेट भिंगात बघून हसला. पावलं संपली तशी अक्काने कॅमेरा खाली घेतला.

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त रंग उडाला.

"मी याची बायको," अक्का आबांना म्हणाली. "जिवंत आहे."

आबा वसंताकडे वळले. "मरी गई सांगेल व्हतं आमले!"

वरातीआधीच त्यांनी मुलीला घरी नेलं, आणि पुढे कोर्टात साक्षही दिली. कोर्टात पडदा लावून रीळ चालवलं. वसंता मान खाली घालून होता. संपल्यावर अक्का उठली. "साहेब, परत लावा. यांनी पाहिलं नाही."

त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. अक्काने कधी माफ केलं नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर ती चहासुद्धा विचारत नसे.

परवा मी धुळ्याच्या घरी अक्काचं सामान आवरत होते, तेव्हा तो दारात आला. म्हातारा झालाय. "आता ती नाही... ते रीळ देऊन टाका."

मी त्याला आत बोलावलं, अक्काच्या खोलीत बसवलं, खिडक्या लावल्या आणि प्रोजेक्टर सुरू केला.