टाकलेली घोंगडी

पौषातल्या पहाटे विंझरच्या वळणावर आम्ही तिघेच होतो: मी, मोटारसायकल घसरून मांडी फाटलेला माझा भाऊ आणि कळप घेऊन निघालेले एक मेंढपाळ. मी भावाच्या तोंडावर पाणी मारू लागलो.

"पानी नगं पाव्हनं, गारठंल त्यो," म्हणत त्यांनी आपली घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली आणि मुंडाशाने मांडी आवळून धरली. मेंढ्या पांगल्या, तरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

पुण्याच्या दवाखान्यात भावाला रक्त आणि प्लाझ्मा चढवला. रक्ताने भरलेली, मेंढरांच्या वासाची ती घोंगडी मी कचऱ्यात टाकली. नंतर डॉक्टर म्हणाले, "अंग उबदार राहिलं म्हणून बरं. गार पडलं असतं, तर एवढं देऊनही रक्त थांबणं कठीण होतं."

महिन्याने मी नवी घोंगडी घेऊन शोधत निघालो, तेव्हा मेंढपाळ मार्गासनीजवळ भेटले.

"भाऊ वाचला न्हवं? आन् माजी घोंगडी?"

"खराब झाली होती. टाकली."

"धुतली असती की. आईनं सूत कातलं व्हतं तिचं."

माझी मान वर होईना. पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आणलेली नवी घोंगडी घेतली, चाचपली आणि नुकत्याच जन्मलेल्या कोकरावर पांघरली.