पट्टा कोरडाच हवा

त्या दुष्काळात आमच्या गावाची जनावरे केजच्या रस्त्यावरील चारा छावणीत होती आणि त्यांच्यामागे निम्म्या घरांतल्या बायकाही. दूध घटले, तसा आमच्या महिला दूध संस्थेकडे येणारा टेम्पो बंद झाला. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि उरलेल्या वेळात संस्थेचे काम पाहत असे. म्हणून सायंकाळचे दूध मी माझ्या स्कूटरवरून केजच्या शीतकरण केंद्रात पोहोचवू लागले. पायाशी एक कॅन, मागे एक.

गावात पुरुषांची दुसरी दूध संस्था होती. तिच्या चेअरमनांकडे जीप होती. छावणीत सर्वांसमोर ते म्हणाले, "बाई, ही गाडी बाजारात मिरवायची हाय, दूध वाह्याची न्हाई. ज्या सांजंला बंद पडंल, त्या सांजंपासून तुमचं दूध आमच्या जीपमधी. अन् आमच्याच संस्थेच्या नावावर."

"कबूल," मी म्हणाले. "आणि नाहीच बंद पडली तर?"

ते हसत जीपकडे वळले.

अशा स्कूटरचे गिअर आपोआप बदलतात, असे लोक म्हणतात. वास्तविक तिथे दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा एक रबरी पट्टा, एवढेच असते. वेग वाढला की पुढची पुली आवळत जाते आणि पट्टा तिच्या काठाकडे चढतो. त्याच वेळी मागची पुली उघडते आणि तो तिच्यात खोल उतरतो. पट्टा तुटला तर इंजिन व्यवस्थित धडधडते, मात्र चाक जागचे हलत नाही. आमच्या रस्त्याची धूळ आणि दोन कॅनचे ओझे लक्षात घेता माझा पट्टा गॅरेजच्या दारात तुटणार नव्हता, हे उघड होते. तो तुटण्याआधीच बदलायचा, असे मी ठरवले आणि केजहून नवा पट्टा आणला.

रविवारी दुपारी छावणीत, पाचटाच्या सावलीला, इंजिन थंड झाल्यावर मी पट्ट्यावरचे झाकण उघडायला घेतले. झाकणाचे बोल्ट एका लांबीचे नसतात. म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. नाकाला पदर बांधून कोरड्या ब्रशने आतली धूळ झाडली. जुन्या पट्ट्याच्या दातांशी बारीक भेगा दिसत होत्या. तो अजून चालला असता, पण किती दिवस, हे सांगता येत नव्हते. फेकून न देता तो मी सीटखाली ठेवला.

पलीकडे बाजेवर पुरुषमंडळी बसली होती.

"बाई, आता हीर बी खांदून घ्या!"

"घेऊ. पाणी लागले तर तुम्हांलाही देऊ."

माझी धाकटी जाऊ मदतीला होती. तिच्या माहेरी पिठाची गिरणी. मी हात पुसायला गेले, तेवढ्यात तिने नव्या पट्ट्याला आतून एरंडेल चोळले. गिरणीच्या चामडी पट्ट्याला चोळतात तसे, आणि पूर्ण मायेने. मला ते कळले नाही. मागची पुली फाकवून पट्टा तिच्यात खोल दाबला, पुढचा नट आवळला, झाकण बसवले.

सायंकाळी कॅन चढवले, गाडी चालू केली. इंजिन किंचाळले आणि गाडी जागेवरच. बाजेवरून हशा उठला. चेअरमनांनी जीपचे मागचे फळकुट उघडले. "आणा बाई इकडं. नासून जाईल."

"अक्का, मी तेल बी लावलंतं की वं," जाऊ कुजबुजली आणि रडकुंडीला आली.

"अगं, हा पट्टा कोरडाच हवा, तेलाने घसरतो. रडू नकोस, पाना दे."

कॅन उतरवून त्यांवर ओली पोती टाकली आणि मी तेच झाकण त्याच माणसांसमोर पुन्हा उघडले. पेट्रोलच्या फडक्याने दोन्ही पुल्या पुसल्या, वाळू दिल्या. नवा पट्टा बाजूला ठेवला आणि सीटखालचा जुना बसवला. तो तुटेपर्यंत मी थांबले असते, तर त्या सायंकाळी माझ्याजवळ बसवण्यासारखे काहीच नसते.

"बाई, टाइम व्हायलाय," चेअरमन म्हणाले.

"फळकुट लावून घ्या. धूळ बसते."

या वेळी हसल्या त्या बायका.

केंद्राचे दार बंद व्हायच्या बेतात असताना मी पोहोचले. दूध तपासले, चांगले निघाले आणि आमच्या संस्थेच्या नावाने टाकीत गेले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा झाकण उघडले आणि केजहून आणलेला दुसरा, नवाकोरा पट्टा बसवला. या वेळी बाजेच्या अगदी समोर. नट जाऊने आवळला. मध्येच चेअरमन येऊन उभे राहिले.

"चालती गाडी कावून खोलता, बाई?"

"चालती राहावी म्हणून," मी म्हणाले. "जरा सरका, उजेड अडतो."