आत्याच्या गाडीचा भाता

धाराशिव जिल्ह्यात माझ्या धाकट्या आत्याइतका इंजिनाचा विचार केलेली दुसरी बाई सापडायची नाही, आणि बाप्या तर नाहीच नाही. तुळजापूरच्या एका शाळेत तिनं जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाली त्या आठवड्यात घरच्यांनी तिच्या हातात चारधाम यात्रेची माहितीपत्रकं ठेवली. ती तिनं नीट वाचली, शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून परत केली आणि सोलापूरला जाऊन एक जुनी गाडी घेऊन आली. काळी, बुटकी, रुंद आणि लांब नाकाची. एकेकाळी असल्या गाड्यांतून मंत्री उतरायचे. बोनेट एवढं लांब की कोपऱ्यावर आधी गाडीचं नाक दिसायचं, लोक आपापल्या बादल्या उचलून घ्यायचे आणि मग सावकाश आत्या यायची. इंजिन चालू झालं की शेजारच्यांच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. लोक असली गाडी झाकून ठेवतात आणि दसऱ्याला बाहेर काढतात. आत्याला ते पटायचं नाही. भाजीला तीच गाडी, दळणाला तीच, आणि गाईसाठी कडबाही तिच्याच डिकीतून यायचा; मागं पेंढ्या लोंबत असायच्या आणि पुढं चष्मा नाकावर घेऊन आत्या. हॉर्न ती वाजवायची नाही. काच खाली करून वर्गातल्या आवाजात एवढंच म्हणायची, "सरका रे बाळांनो," आणि अख्खा बाजार सरकायचा, कारण निम्म्या बाजारानं तिच्या हातचा मार खाल्लेला होता.

एवढं असून आत्या गाडी पळवायची मात्र नाही. काटा साठाच्या पुढं गेला की ती स्वतःवरच रागवायची. मी एकदा म्हणालो, "आत्या, पळवायची नाही तर एवढी ताकदीची गाडी कशाला?" ती म्हणाली, "ताकद वापरायला नसती रे. असावी लागती." पण एका दुपारी ही ताकदच कमी पडली. सोलापूरहून येताना, तुळजापूरच्या घाटात भाविकांची एक जुनाट बस पुढं होती आणि आत्याची गाडी तिच्या मागं धूर खात होती. तिनं पाय दाबला. गाडीनं नुसता सुस्कारा टाकला. तेवढ्यात एका पोरसवदा जीपवाल्यानं दोघांनाही मागं टाकलं आणि जाता जाता ओरडला, "आजी, धक्का देऊ का?" घरी येऊन आत्या जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की गाडीला सुपरचार्जर बसवायचा.

गल्लीनं ही बातमी आपापल्या परीनं समजून घेतली. शेजारचे पुजारी फोन घेऊन आले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, माझी पिन बारीक हाय, बसंल का?" आत्या चिडली नाही. कुणाला काही समजलं नाही की तिला हुरूपच यायचा. त्या वेळी ती भाकरी करत होती. तिनं परातीत ज्वारीचं पीठ पसरलं आणि बोटानं त्यात इंजिन काढलं. "हे बघा, इंजिन म्हंजे चूल. पेट्रोल म्हंजे सरपण. पण जाळ वाढवायचा तर नुसतं सरपण कोंबून चालत न्हाय, वारा पायजे. लोहाराकडं भाता असतोय का न्हाय? तसला भाता इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरवायचा. तो आत हवा कोंबतो." पुजाऱ्यांना पटलं. मग आत्यानं पाणी घालून ती आकृती मळून टाकली. माझ्या वाट्याला आलेली भाकरी बहुधा पिस्टनची होती. चांगली फुगली होती.

विज्ञानाची बाई असल्यामुळं तिची योजना मुळापासून होती. "गाडी पळायच्या आधी थांबली पायजे," म्हणून पहिल्यांदा ब्रेक बदलले. ताकद वाढली की इंजिन तापणार, म्हणून मोठा रेडिएटर आला. मग क्लच, मग टायर. हे सगळं करणारे रशीदभाई बसस्टँडमागच्या गॅरेजचे मालक. ते प्रत्येक वेळी हात जोडायचे. "बाई, ह्या इंजिनाची उमर झालीय. त्याला आरामात जगू द्या ना." आत्या म्हणायची, "रशीदभाई, उमर माझीबी झालीय. मला विचारलं का कुणी, आराम पायजे का म्हणून?" यावर रशीदभाई पाना उचलायचे. अशा रीतीनं तयारी होत होत गाडी इतकी ठणठणीत झाली की तिच्यात एका भात्याशिवाय काही म्हणजे काही कमी राहिलं नाही.

अखेर श्रावणात पुण्याच्या जुन्या बाजारातून तो भाता आला. गोधडीत गुंडाळलेला, बाळंतिणीच्या पोरासारखा. आत्यानं तो रॉकेलनं धुतला, पुसला आणि जागा नव्हती म्हणून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं. पण गाडीत काही तो जाईना. दर वेळी विचारलं की नवं कारण. एकदा म्हणे पट्टा आला नाही. एकदा म्हणे बोनेट कापायला चांगला माणूस नाही. एकदा तर म्हणाली, हवा दमट आहे. आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकलेल्या बाईनं इतक्या कच्च्या सबबी द्याव्यात याचं मला नवल वाटलं.

मी कळंबला शिक्षक. दिवाळीच्या सुटीत तुळजापूरला गेलो तेव्हा सरळ रशीदभाईंना गाठलं. ते म्हणाले, "पट्टा कवाच आलाय सर. गाडी उघडली की आठ-पंधरा दिवस उभी ऱ्हाणार. आन् मंगळवार-शुक्रवार मालनबाईला सोलापूरला न्यावं लागतं ना. मग बाई गाडी सोडतील कशी?"

मालनबाई म्हणजे आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. त्यांची किडनी बिघडलेली. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस. घरात त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. जाताना त्या गप्पा मारायच्या, पण येताना अंगातलं सगळं बळ गेलेलं असायचं. तेव्हा आत्याच्या गाडीच्या त्या दिवाणासारख्या मागच्या सीटवर आडव्या होऊन त्या झोपायच्या. आत्यानं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "त्यात सांगायचं काय? तिकडं भाजी स्वस्त मिळती."

मी म्हटलं, सुटी आहे तोवर मी मालनबाईंना माझ्या गाडीतून नेईन. आत्या तयार होईना, शेवटी मालनबाईच बोलल्या, "बसव गं बाई एकदाचा तुझा तो भाता. ऐकून ऐकून माझे कान किटले." तशी गाडी गॅरेजात गेली आणि मी सारथी झालो. माझी गाडी लहान. मालनबाई पाय पोटाशी घेऊन मागं पडून राहायच्या आणि मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून म्हणायच्या, "चांगली हाय रे तुझी गाडी. फकस्त माणसानं घडी घालून ऱ्हायला पायजे."

सुटी संपायच्या आत गाडी तयार झाली. बोनेटला भोक पाडून भात्याचं टोक वर काढलेलं, नाकावर पुटकुळी आल्यासारखं. सोलापूरहून परतताना आत्या चालवत होती, मी शेजारी. मालनबाईंनी जाहीर केलं, "आज म्या झोपणार न्हाय." घाटाच्या पायथ्याशी भाविकांची एक बस लागली. रस्ता आता रुंद झालाय, बाजू मोकळी होती. मागून मालनबाई म्हणाल्या, "काय बघती? घाल की पुढं!" आत्यानं पाय दाबला. शिट्टीसारखा एक बारीक, चढता आवाज निघाला, माझी पाठ सीटला चिकटली आणि बस एखाद्या झाडासारखी मागं गेली. खिडक्यांतून भाविक ओरडले, "आई राजा उदो उदो!" मालनबाईंनीही हात वर करून उदो केला. "शाळेत असताना ह्याच चढावर सायकलवरून उतरवून मला ढकलायला लावायचीस गं," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. आत्या घाटमाथ्यावर थांबली, चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिली.

पुढं मी कळंबहून फोन केला तर आत्या म्हणाली, "झकास चाललीय." पण संक्रांतीला गेलो आणि बघतो तर बोनेटच्या भोकावर पत्र्याचं ठिगळ. भाता उतरवलेला. मी थक्क झालो. "अगं, एवढं सगळं करून?"

"एकदा चढलो ना घाट? प्रयोग सिद्ध झाला की यंत्र कपाटात ठेवायचं असतं," आत्या म्हणाली. नंतर तिळगूळ देताना हळूच बोलली, "त्याची शिट्टी वाजती रे. मालनला झोप लागंना."

तो मंगळवार होता. मी त्यांच्याबरोबर सोलापूरला गेलो. परत येताना मालनबाई शाल पांघरून मागं झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. घाट चढलो, गावात आलो. त्यांच्या घराची गल्ली दिसली. आत्यानं आरशात पाहिलं आणि गाडी न वळवता सरळ पुढं घेतली, नळदुर्गच्या रस्त्याला. दोन्हीकडं ज्वारी निसवली होती, उन्हं कलली होती. मी काही विचारणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

थोड्या वेळानं मागून क्षीण आवाज आला, "आलं का गं घर?"

"न्हाय अजून," आत्या म्हणाली. "झोप तू."