पाळी येईपर्यंत पळायचं नाही

"हाडाला तडा गेलाय. तू जेवतेस किती?"

धुळ्याच्या डॉक्टर मॅडमनी माझा एमआरआय पाहून हे विचारलं. मी साक्री तालुक्यातली, मॅरेथॉन धावणारी, ऑलिम्पिकचं वेड लागलेली मुलगी. राज्याच्या शिबिराची निवड तोंडावर आली होती. जेवणाचा काय संबंध?

संबंध असा. फीमोरल नेक म्हणजे मांडीच्या हाडाची खुब्याजवळची मान. तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, म्हणजे न पडता, रोजच्या भारानेच गेलेला तडा. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पाळी बंद करतं. त्याला अमेनोरिया म्हणतात. मग हाडं ठिसूळ होतात. माझी पाळी कित्येक महिने आली नव्हती आणि आमचे कोच म्हणाले होते, "बरंच झालं, एक कटकट गेली."

पोरींनो, असं म्हणणाऱ्या कोचला तिथेच अडवा.

खुबा दुखायला लागला तेव्हा मायने बिब्बा लावला होता. बिब्ब्याचं तेल उततं, कातडीवर फोड येतात. पळून आल्यावर मी कण्हले की माय म्हणायची, "बिब्बा उतना शे, दुखीच ना." फोडच दुखतायत असं आम्ही दोघी धरून चाललो आणि मी तडकलेल्या हाडावर धावत राहिले.

ऑपरेशन करून हाडात स्क्रू घालायचे होते, पण छेद घ्यायचा तिथेच फोड. "यातून जंतू हाडात जातील," मॅडम म्हणाल्या. "फोड सुकू दे. तोवर पाय टेकवायचा नाही. हाड सरकलं तर पळणं विसर."

मी पडून राहिले. कूस बदलायचीही भीती वाटायची.

शेजारच्या खाटेवर पारोळ्याच्या अक्का होत्या, गुडघा बदललेल्या. त्याच दिवसांत मोबाइलवर ऑलिम्पिकची मॅरेथॉन लागली. अक्काही मान लांबवून बघायच्या. पदकं ठरली तशी मी मोबाइल ठेवायला गेले.

"थांब व. ती मांगे कोन शे?"

एका इवल्या बेटावरच्या देशाची धावपटू एकटीच मागून येत होती.

"बठ्ठ्या पुढे निंघी गयात. हाई कसाले पयस?"

सगळ्या पुढे गेल्या तरी ती का पळते ते मी सांगितलं: तिच्या देशातून मॅरेथॉनला ती एकटीच आली आहे. तिने सोडलं तर तिचा देश शर्यत पुरी न करताच घरी जाईल.

"मंग थांबू नको, माय! पय!" अक्का इतक्या जोरात ओरडल्या की नर्स धावत आली. आल्यावर तीही बघत उभी राहिली.

ती पोचली. अक्कांनी तिच्या भरल्या मांड्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "देख, खाई-पीसन पयस ती."

फोड सुकले, ऑपरेशन नीट झालं. मॅडमनी बजावलं, "पाळी येईपर्यंत पळायचं नाही. आणि ती गोळ्यांनी आणायची नाही, जेवून यायला हवी."

कोच भेटायला आले. "तोवर तुझी जागा दुसरी घेईल."

"घेऊ द्या," मी म्हणाले. ती रात्र रडण्यात गेली, पण शब्द मागे घेतला नाही.

आमच्याकडे पुरुष आधी जेवतात. माय शेवटी, आणि मी तिच्याबरोबर, उरलेलं. घरी आल्यावर मी वडिलांच्या, म्हणजे नानांच्या पंगतीत ताट मांडलं आणि मायलाही बसवलं. ती भाकरी मोडेना, नुसती दाराकडे बघत राहिली. हळूहळू सवय झाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाणे, दूध. वेळच्या वेळी, भूक नसली तरी. आज मी पुन्हा धावते आहे, पळण्याआधी आणि पळून आल्यावर खाऊन. अक्कांचे, मॅडमचे उपकार मोठे, पण घरातली एक सकाळ कायमची लक्षात आहे.

त्या सकाळी मी न्हाणीतूनच ओरडले, "नाना, मला पाळी आली!"

ओट्यावर नानांबरोबर चुलते चहा घेत होते. ते कपात बघू लागले. माय धावत आली, "हळू बोल व!"

नाना उठले, चपला घालू लागले.

"कोठे चालनात?" मायने विचारलं.

"पिंपळनेरले. पेढा लेवाले."