याकोबचं डुगडुगतं स्टूल

याकोब गेला त्याला सहा आठवडे झाले. त्या सकाळी रूथवहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले हो," आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "असा कसा गेला? गुरुवारी दवाखान्यात भांडला की माझ्याशी!" चाळीस वर्षं आम्ही भांडलो आणि प्रत्येक भांडण अर्धं टाकून उठलो. हे मात्र मला पुरं करायचं होतं...

त्याला कारण घडलं ते शोकसभेत. इकडे उत्तरेत, आमच्या अलीगंजच्या चर्चमध्ये पादरीसाहेब मोठ्या मनानं म्हणाले, "उस गाँव में याकोब भाई से एक भूल हुई, मगर दिल के सच्चे थे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती चूक याकोबची नव्हती, माझी होती. मी तिसऱ्या बाकावर बसून होतो आणि तिथेही तोंड उघडलं नाही. म्हणून आता हे लिहितो आहे.

चार वर्षांपूर्वी तराईतलं एक गाव पुरात बुडालं. पाणी ओसरल्यावर चर्चमधले आम्ही बाराजण आठ दिवसांसाठी तिकडे गेलो. घरं शाकारायची आणि एक नवा हातपंप बसवायचा, एवढं काम होतं. रेल्वेत मी जन्मभर पूल बांधलेले, म्हणून पंप माझ्याकडे आला. याकोबला बरोबर नेणं म्हणजे डोक्याला ताप. गुडघे दुखतात म्हणून तो घरून लाकडी स्टूल घेऊन आला. बसमध्ये ते माझ्या पायांवर! स्टुलाचा एक पाय तोकडा, बसलं की डुगडुगायचं. गावात पोचल्यावर हा माणूस प्रत्येक झोपडीपुढे स्टूल मांडून बसे आणि बायकांना विचारत राही. पंप कुठे हवा, पाणी कोण भरतं, कुठून जाता... मिस्त्री खोळंबलेले, ऊन चढलेलं आणि याकोब कुणाच्या तरी नातवाच्या खोकल्याची चौकशी करतोय.

मी पुराची रेघ शोधली. भिंतींवर ती स्पष्ट दिसत होती. रेल्वेची शिकवण अशी की त्या रेघेच्या वर जायचं. गावातली सर्वांत उंच जागा जुन्या प्रधानाच्या, म्हणजे माजी सरपंचाच्या, दारासमोर होती. मी तिथे खुंटी ठोकली. याकोब स्टूल काखोटीला मारून लंगडत आला.

"सुधाकर, खालच्या टोल्यातल्या, त्या वस्तीतल्या बायका इथे येणार नाहीत. त्यांना कडुलिंबाखाली हवाय."

"तिथे छातीभर पाणी होतं!"

"मग कडुलिंबाखाली ओटा उंच बांध. या दारात त्यांना घागर टेकू देत नाहीत."

"पाण्याला जात नसते, याकोब, लेव्हल असते," मी म्हणालो. मिस्त्री हसले. मला माझं वाक्य फार आवडलं होतं.

महिन्याभरात कळलं की प्रधानानं पंपाच्या दांड्याला साखळी आणि कुलूप लावलंय. खालच्या बायका पुन्हा डबक्यावर. चर्चच्या बैठकीत विचारणा झाली, जागा कुणी ठरवली? मी म्हणालो, "पूछताछ तो याकोब ने की थी." शब्द न् शब्द खरा. पुढचं वाक्य तेवढं मी गिळलं. याकोब समोरच बसला होता. बाहेर पडल्यावर मीच त्याच्यावर उखडलो, "अरे, बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला.

असा माणूस! एकदा तरी ओरडला असता, चारचौघांत माझी कॉलर धरली असती, तर मी सुटलो असतो. त्यानंतर त्याला कुठल्याही कामावर नेलं नाही आणि मला मात्र कमिटीत घेतलं. दर नाताळात फराळाचा डबा घेऊन तो यायचा, जाताना दारात थांबून विचारायचा, "सांगितलंस का?" शेवटच्या गुरुवारीही नळ्या लावलेल्या असताना तेच. मी चिडलो, "आधी बरा हो, मग बघू."

मागच्या आठवड्यात वहिनींकडून स्टूल मागून घेतलं आणि एकटाच त्या गावी गेलो. कडुलिंबाखाली खालच्या टोल्यातली रामदुलारी भांडी घासत होती. मला तिनं ओळखलं नाही, स्टूल ओळखलं.

"स्टूल वाले भैया नहीं आए?"

मी सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग पदरानं स्टूल पुसलं. "तो आप बैठिए. वो बैठ के ही पूछते थे."

बसलो. एक पाय हवेतच. याला रबर लावून देतो, असं मी त्याला कितीदा म्हणालो होतो...

"नल कहाँ चाहिए?" मी विचारलं.

ती वैतागली. "अरे, तब्बै तो बताया था भैया को! यहीं, नीम के नीचे. उन्होंने आपको बताया नहीं?"

स्टूल डुगडुगलं. मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले.

"बताया था," मी म्हणालो. "मैंने नहीं सुना."