देवाच्या डोहातले मांगूर

"पुढं सरका, पावणं! मागं लई जागा हाय!" असं रोज सकाळी कुणी माशांना सांगताना तुम्ही पाहिलंय का? आमचे कंडक्टरकाका सांगायचे. एसटीतून निवृत्त झाले, पण गर्दी दिसली की त्यांना राहवत नसे. गावाखाली नदीत देवाचा डोह आहे. तिथले मासे देवाचे, त्यामुळे कुणी जाळं टाकत नाही की गळ टाकत नाही. काका पायरीवर बसून चुरमुरे टाकायचे आणि दांडग्या माशांना दटावून बारक्यांना पुढे घ्यायचे.

माझं इथेच, ओतूरला, मोटारदुरुस्तीचं दुकान. डोहावरून काका थेट माझ्याकडे चहाला येत आणि आज कोण आलं, कोण आलं नाही, ते सांगत बसत.

एका पावसाळ्यात वरच्या अंगाला कुणाचं तरी शेततळं फुटलं आणि त्यात चोरून पाळलेले मांगूर डोहात उतरले. परदेशातून आलेली, सरकारने बंदी घातलेली ही जात. काळे, मिशाळ, कल्ल्यामागच्या पराला विषारी काटा, आणि समोर येईल तो मासा गिळणारे. काकांनी आधी त्यांनाही चुरमुरे घातले. "आल्यात तर खाऊ द्या, राव." पुढच्या उन्हाळ्यात मात्र पायरीशी नुसती काळी तोंडंच वर आली. त्या दिवशी काका दुकानात "आज आपलं कुणीच आलं नाय" एवढं सांगून चहा तसाच ठेवून उठले. मला फार वाईट वाटलं.

पकडावेत, तर डोहात शिरलेला मांगूरही देवाचाच झालेला! कुणी हात लावेना. शेवटी काकांनी देवाला कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार. पडलं डावं.

"देवाला प्रश्न नीट कळला नाय," काका म्हणाले आणि पुन्हा हात जोडले. "देवा, ही मंडळी विनातिकीट चढल्यात. उतरवू का?"

उजवं फूल टपकन पडलं. गुरवासकट सगळं देऊळ हसलं.

पाणी उतरलं तशी आम्ही जाळी ओढली. मांगूर टोपलीत, देवाचा मासा परत पाण्यात. पहिल्याच दिवशी काकांना काटा लागला, हात टम्म सुजला. "कोपरापत्तुर ठणकतंय, पण उतरवला का न्हाई!" ते ओरडत होते.

मांगूर दिसेनासे झाले, पण देवाचे मासेही वर येईनात. काका रोज वाकून बघत आणि "अजून नाय" म्हणत. या थंडीत ते झोपेतच गेले.

दहाव्याला डोहावरच पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. मुलाने आईला सांभाळीन म्हटलं, शेत विकणार नाही म्हटलं, तरी नाही. अखेर गुरुजींनी पिंड पाण्यात सोडला, आणि पाणी एकदम खळबळलं. बोटाएवढी चंदेरी पिल्लं, देवाच्या माशांची, पिंडावर तुटून पडली. काळं तोंड एकही दिसलं नाही. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो.

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"शिवला म्हणायचं का नाय आता, गुरुजी?"