उजव्या पंखाचे मालक

जगात विमानं बांधणारी माणसं पुष्कळ झाली असतील. पण नुसत्या उजव्या पंखाच्या भरवशावर सासुरवाडीला निघालेला माणूस आमच्या घरमालकांखेरीज दुसरा झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. सोलापुरात नवी पेठेत मालकांचं भांड्यांचं दुकान होतं, मागच्या अंगाला घर, आणि त्या घराच्या माडीवर मी, इंग्रजीचा मास्तर, बायकोसह बिऱ्हाड करून होतो. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की खाली अंगणात ठकठक सुरू होई. सारं गाव भोंग्याला उठे. आम्ही भोंग्याला कूस बदलायचो आणि ठकठकीला अंथरूण सोडायचो. तक्रार करायची सोय नव्हती, कारण ज्यांच्याकडे करायची तेच ठोकत बसलेले असत.

या विमानाचं मूळ अकलूजच्या एका बैलगाडीत होतं. मालकांची सासुरवाडी तिथली, उसाच्या मळेवाल्यांची. एका दिवाळीला मालक डोक्याला जरीचा रुमाल बांधून सासऱ्यांच्या दारात गाडीतून उतरायला गेले आणि रुबाबात उतरण्याच्या नादात उताणे पडले. सासरे तसे भले गृहस्थ, पण त्यांना हसू आवरेना. चारचौघांत म्हणाले, "जावयास्नी अजून जमिनीवर उतराया येईना की." मालकांनी धूळ झटकली, फराळाला हात लावला नाही आणि सांगून टाकलं, "पुन्यांदा तुमच्या दारात आलो तर जमिनीवरनं येनार न्हाय." दुसरा कुणी असता तर रागाच्या भरात बोलून आठ दिवसांत विसरला असता. आमच्या मालकांना उधारी आणि सासरा सोडून काही लक्षात राहत नसे, पण या दोन गोष्टी मात्र पक्क्या राहत. त्या दिवसापासून मालकीणबाईंचं माहेर तुटलं. नवऱ्याला मागं ठेवून एकटीनं त्या दारात उभं राहणं त्यांच्या जिवावर येई. कुणी विचारलंच तर म्हणत, "जायाचं हाय की. ह्यांचं इमान झालं की जायाचं." परटाकडून लुगडं यायचं राहिलंय अशा सुरात त्या हे सांगत.

रद्दीत मिळालेल्या एका विलायती मासिकात घरच्या घरी विमान बांधायची कृती होती. ती वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला निम्मंअर्धं कळत नसे. पण मास्तराला कळत नाही असं म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे विमानाचे काही भाग केवळ माझ्या अंदाजानं जन्माला आले. पंखाच्या आतल्या फासळ्या मात्र स्वच्छ समजल्या. त्या अॅल्युमिनियमच्या हव्या होत्या. अॅल्युमिनियमला तेव्हा सगळा बाजार 'जर्मन' म्हणे, आणि जर्मनची भांडी तर मालक विकतच होते. भांड्यांचाच पत्रा त्यांनी विमानाला लावला. मी भीत भीत म्हटलं, "या पत्र्याचं पातेलं धुताना वाकतं हो." मालक म्हणाले, "पातेल्यात वजन आसतंय, मास्तर. पंखात काय आसतंय? वारं."

पंख आडवा कापला तर दिसेल त्या आकाराचा एक सागवानी ठोकळा त्यांनी घडवून घेतला होता. त्यावर पत्रा ठेवायचा, वरून फळी आवळायची आणि बाहेर राहिलेली कड लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत खाली मुडपायची. सरळ कड मुकाट्यानं वळे. गोलाईवर मात्र पत्र्याला चुण्या पडत आणि सगळी फासळी वाकडीतिकडी होई. मालक मग पत्र्याला कानडीतून शिव्या देत, मराठी शिव्या त्याला पुरत नाहीत म्हणून. शेवटी एकदा मालकीणबाईच करंज्या अर्ध्यावर टाकून आल्या. करंजीच्या कडेला घालतात तशी मुरड त्यांनी त्या पत्र्याला थोड्या थोड्या अंतरावर घालून दाखवली. जादा पत्रा मुरडीत मावला आणि फासळी सरळ झाली. ही युक्ती आपल्याला झोपेत सुचली असं मालकांनी पेठभर सांगितलं.

फासळ्या वाढू लागल्या. अंगणातल्या दोरीवर धोतराशेजारी त्या टांगलेल्या असत. तांब्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी फासळी बघावी लागे, मग तांब्या मिळे. एकदा मी सहज दोन फासळ्या पाठीला पाठ लावून पाहिल्या आणि चमकलो. सगळ्यांच्या कडा एकाच अंगाला वळलेल्या.

"मालक, या तर साऱ्या उजव्या पंखाच्या. डाव्या कुठं आहेत?"

मालकांनी ठोकळ्यावरून हात फिरवला. त्यांना ठाऊक होतं. डाव्या पंखासाठी ठोकळा पालथा घालून ठोकायचं, एवढंच काम होतं. पण खंडेनवमीला हत्यारांबरोबर ठोकळ्याचीही पूजा झाली होती आणि त्याच्या वरच्या अंगाला हळदकुंकू लागलं होतं.

"पुजल्यालं तोंड मातीत घालून वरनं मोगरी हानायची व्हय, मास्तर?"

"मग दुसरा ठोकळा करा."

"ह्यो आसताना दुसरा? घरात सवत आनल्यासारकं हाय की त्ये."

आणि त्यांनी आणखी एक उजवी फासळी ठोकायला घेतली. पेठेत मालकांचं नाव 'उजवे विमानवाले' पडलं. ते मीच पाडलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

मग अकलूजहून माणूस आला. सासऱ्यांनी अंथरूण धरलं होतं, लेकीला डोळे भरून बघायचं म्हणत होते. मालकीणबाई चुलीपुढून उठून आल्या. दोरीवरच्या फासळ्यांकडे त्यांनी एकदा बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि आत गेल्या. मालकांनी मोगरी उचलली, पण ती खाली आलीच नाही. मग उठून डोक्याला रुमाल बांधला आणि आत बघून म्हणाले, "लुगडं बदल. अकलूजची सर्व्हिस मोटार गाठाया पायजे."

पुढचं मालकीणबाईंनी माझ्या बायकोला सांगितलं. म्हाताऱ्यानं खाटेवरून विचारलं, "जावई, वरनं आलासा का खालनं?" मालकांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "खालनं." म्हातारा या खेपेला हसला नाही. जावयाचा हात धरून त्यानं त्यांना खाटेवर आपल्याजवळ बसवून घेतलं. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

मालक परत यायचे म्हणून पेठेनं थट्टा तयार ठेवली होती, माझीही होती. ती कुणाच्या तोंडून निघाली नाही. ठकठक बंद झाली. भोंगा व्हायचा आणि पुढं नुसती शांतता. जिच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला ती शांतता मला सोसेना.

मग एका सकाळी ठोका पडला. मी कठड्याशी गेलो. अंगणात मालकीणबाईंनी आपलं जुनं लुगडं चौघडी करून अंथरलं होतं आणि त्यावर, कुंकवाच्या अंगाला माती लागू नये अशा बेतानं, ठोकळा पालथा घातला होता. "आता मला कुटं जायाचं न्हाय," त्या नवऱ्याला सांगत होत्या, "पन एका पंखाचं इमान बरं दिसत न्हाय." मालक मान खाली घालून ठोकत होते. फासळी डावी होती.

ते विमान काही उडालं नाही. लढाई लागली, पत्रा बाजारातून गेला, आणि दोन्ही पंखांच्या फासळ्या दोरीवरच राहिल्या. ठोकळा मालकीणबाईंनी भिंतीतल्या देवळीत उभा करून ठेवला. खंडेनवमीला त्या आता त्याच्या दोन्ही अंगांना कुंकू लावतात.